गोठलेल्या तळ्यावर वॉलआय शोधायचा कसा

बर्फावर जाऊन भोक पाडून गळ सोडणं कुणालाही जमतं, वॉलआय हे गोड्या पाण्यातले मासे जिथे आहेत तिथे ते भोक पाडणं हेच खरं काम. उन्हाळ्यात बोट असते, तासाभरात बरंच पाणी पालथं घालता येतं, हिवाळ्यात मात्र आठ-दहा इंचाच्या भोकातून जे दिसेल तेवढंच, आणि प्रत्येक भोकामागे ऑगरची, म्हणजे बर्फात भोक पाडायच्या गिरमिटाची, बॅटरी नाहीतर तुमचे खांदे खर्च होतात, त्यामुळे कुठे पाडायचं हे घरी नकाशा बघतानाच अर्धंअधिक ठरलेलं पाहिजे. मी हे अमेरिकेतल्या मिनेसोटाची तळी डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, पण विस्कॉन्सिन, नॉर्थ डकोटा, मॅनिटोबा, ऑन्टारियो, कुठेही असलात तरी मासा तोच आणि त्याच्या सवयीही बहुतेक त्याच.

पहिल्यांदा बर्फाचं बोलू कारण त्याशिवाय पुढचं काही नाही. मिनेसोटाच्या डीएनआरचा, म्हणजे तिथल्या नैसर्गिक संसाधन खात्याचा, आकडा आहे की चालत जायला कमीत कमी 4 इंच बर्फ हवा, आणि हा आकडा नव्या, स्वच्छ, घट्ट बर्फाचा आहे. पांढरा, बर्फवृष्टी मिसळून गोठलेला बर्फ असेल तर तो साधारण निम्म्याच ताकदीचा धरायचा, म्हणजे जाडी दुप्पट हवी. स्नोमोबिल, कार, पिकअपचे आकडे त्याच्यावर चढत जातात, ते डीएनआरच्या तक्त्यात बघून घ्या. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकाच तळ्यावर बर्फ सगळीकडे सारखा नसतो, जिथे ओढा किंवा नदी येऊन मिळते, जिथे दोन भागांना जोडणारा चिंचोळा पट्टा असतो, जिथे खाली झरा असतो तिथे तो पातळच राहतो, आणि नेमक्या यातल्या काही जागा वॉलआयलाही आवडतात. म्हणून चांगल्या जागेकडे जाताना जास्त सावध राहायचं, हातात स्पड बार, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन दर दोन-चार पावलांनी समोर जोरात आपटत जायचं, मधे मधे भोक पाडून जाडी मोजायची, गळ्यात आइस पिक्स (पाण्यात पडलात तर बर्फात रोवून बाहेर यायचे टोकदार खिळे) घालायचे आणि जमलं तर तरंगणारा सूट घालायचा. वर ताजा भुसभुशीत बर्फ साठला असेल तर तो पांघरुणासारखा काम करतो, खालचं पाणी गोठायचा वेग मंदावतो, त्यामुळे चार दिवस कडाक्याची थंडी पडली म्हणून जाडी वाढलीच असेल असं गृहीत धरू नका.

आता मासा. वॉलआयच्या डोळ्यात पडद्यामागे चमकणारा एक थर असतो, मिळालेला उजेड तो परत फेकतो, म्हणून त्याला कमी उजेडात आणि गढूळ पाण्यात छान दिसतं. त्याचं आवडतं खाणं म्हणजे यलो पर्च हा छोटा मासा, आणि पर्चला मात्र उजेड कमी झाला की नीट दिसत नाही. सूर्य मावळताना दोघांच्या नजरेत हा जो फरक पडतो त्याचा फायदा वॉलआय घेतो, आणि तुमचा सगळा डाव या तासाभरावर उभा असतो. डिसेंबरच्या शेवटी मिनेसोटात साडेचार-पावणेपाचला सूर्य मावळलेला असतो, म्हणजे तीन वाजता तुम्ही भोकं पाडून, सगळं लावून, शांत बसलेले हवेत. ऑफिस सुटल्यावर पाचला पोचून ऑगर सुरू करणाऱ्यांचा सगळ्यात चांगला वेळ गाडीतच जातो. सकाळी उजाडायच्या आधीची वेळही चांगली, फक्त अंधारात नव्या जागी भोकं शोधणं जड जातं, त्यामुळे पहाटेसाठी जागा आदल्या संध्याकाळीच नक्की करून ठेवा.

नकाशा कसा वाचायचा ते सांगतो. मिनेसोटातल्या बऱ्याच तळ्यांचे खोलीचे नकाशे डीएनआरच्या लेकफाइंडर या साइटवर फुकट आहेत, फोनवर नॅव्हिओनिक्ससारखं अ‍ॅप असेल तर आणखी बरं कारण बर्फावर तुम्ही नेमके कुठे उभे आहात तेही कळतं. नकाशावर खोलीच्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की तिथे तीव्र उतार आहे, लांब लांब असल्या की सपाट. तुम्हाला हवी आहे ती जागा म्हणजे जिथे मोठा उथळ सपाट भाग संपतो आणि पाणी एकदम खोल व्हायला लागतं, म्हणजे उताराची वरची आणि खालची कड. वॉलआय दिवसा खोल पाण्यात किंवा उताराच्या पायथ्याशी पडून असतो आणि उजेड उतरला की त्याच कडेने वर येऊन उथळ भागात खायला शिरतो. अशा लांबच लांब कडेवर सगळीकडे मासे नसतात, जिथे कड वळते तिथे बघा: पाण्यात घुसलेलं टोक, आतल्या बाजूला गेलेलं वळण, दोन उंचवट्यांच्या मधली खिंड. फिरणारे मासे अशा जागी जमा होतात कारण वाट तिथूनच जाते.

दुसरी कड नकाशावर दिसत नाही, ती म्हणजे तळ बदलण्याची. खडक किंवा वाळू संपून गाळ सुरू होतो ती रेषा. गाळात किड्यांच्या अळ्या असतात, त्या खायला पर्च येतात, पर्चच्या मागे वॉलआय येतो, आणि खडकाळ बाजूला त्याला दबा धरायला सोय असते. ही रेषा तुम्हाला फ्लॅशरवर (ध्वनिलहरींनी तळ आणि मासे दाखवणारं यंत्र) किंवा पाण्याखालच्या कॅमेऱ्यावर शोधावी लागते आणि दुपारचे रिकामे तास त्यासाठीच वापरायचे. माझ्या मते दुपारी मासे पकडायचा हट्ट धरण्यापेक्षा दुपारी तळ वाचून ठेवणं कितीतरी फायद्याचं आहे.

सीझन जसा पुढे सरकतो तसा मासाही सरकतो. बर्फ नवा असताना, म्हणजे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, वॉलआय काठाजवळ असतो, संध्याकाळी 8 ते 15 फुटात मिळतो, आणि अजून हिरव्या असलेल्या पाणवनस्पतींच्या बाहेरच्या कडेला हमखास बघावं. हिरव्या हा शब्द महत्त्वाचा आहे, वनस्पती मरून तपकिरी झाल्या की कुजताना त्या पाण्यातला ऑक्सिजन खातात आणि मासे तिथून निघून जातात. भोकातून गळाला अडकून आलेला तुकडा हातात घेऊन बघा, कुरकुरीत हिरवा असेल तर थांबा, लिबलिबीत तपकिरी असेल तर सामान उचला.

जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत गोष्ट बदलते. वर बर्फाचा थर जाड, त्यावर स्नो, खाली उजेड कमी, उथळ भाग मंदावलेला, तेव्हा वॉलआय मधल्या खोल भागातल्या उंचवट्यांवर, रीफवर आणि गाळाच्या पठारांवर सापडतो, 20 ते 35 फूट. मिल लॅक्स हे याचं उत्तम उदाहरण, तळं प्रचंड, सुमारे 1 लाख 32 हजार एकर, पण सगळ्यात खोल जागा जेमतेम 42 फुटांची, आणि त्याच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागात गाळाची मोठी पठारं आहेत ज्यांना सगळे मड फ्लॅट्स म्हणतात. तिथे पठाराच्या मधोमध बसण्यापेक्षा त्याच्या कडेला, विशेषतः कोपऱ्यांना बसायचं. याच काळात मासा सुस्त असतो, थंड पाण्यात त्याचं शरीर हळू चालतं, खाणं कमी, पाठलाग तर फारच कमी, म्हणून तुम्हालाच त्याच्या जवळ जावं लागतं.

शेवटी शेवटी, दिवस मोठे व्हायला लागले की मासा परत काठाकडे आणि नदीच्या मुखाकडे सरकायला लागतो कारण बर्फ गेल्या गेल्या त्याला तिथे अंडी घालायची असतात. पण मिनेसोटातल्या आतल्या बहुतेक तळ्यांवर वॉलआयचा सीझन फेब्रुवारीच्या शेवटी बंद होतो, त्यामुळे या सरकण्याची फक्त सुरुवातच आपल्याला मिळते. लेक ऑफ द वूड्स हे सीमेवरचं तळं आहे, तिथे तो 14 एप्रिलपर्यंत चालतो.

वर संध्याकाळचं एवढं सांगितलं त्याला एक मोठा अपवाद आहे, पाण्याचा रंग. पाणी जितकं स्वच्छ तितका मासा अंधाराची वाट बघतो, अगदी काचेसारखं पाणी असेल तर सूर्य मावळून तास-दोन तास झाल्यावरही चांगलं चालतं. पाणी चहासारखं तांबूस किंवा गढूळ असेल तर भर दिवसा मासा खातो. अप्पर रेड लेक तसं आहे, उथळ, तांबूस पाण्याचं, तळ बशीसारखा आणि उतार फारसे नाहीतच, तिथे नकाशावर कड शोधत बसण्यात अर्थ नाही, फुटाभराचा फरकसुद्धा तिथे कड म्हणून चालतो आणि मासे फिरत असतात म्हणून तुम्हीही फिरायचं. एक लक्षात ठेवा, या तळ्याचा मोठा भाग रेड लेक नेशन या मूलनिवासी जमातीच्या हद्दीत आहे आणि तो बाहेरच्यांना बंद आहे, हद्द कुठे आहे ते जीपीएसवर बघूनच पुढे जा.

आता भोकं पाडायची पद्धत. एकाच खोलीवर चार भोकं पाडली तर तुम्ही एकच प्रश्न चार वेळा विचारताय. उताराला आडवी ओळ पाडा, म्हणजे एक भोक वरच्या सपाट भागात 10 फुटावर, मग 14, मग 18, मग पायथ्याशी 24, आणि मग तशीच दुसरी ओळ चाळीस-पन्नास पावलं बाजूला. सगळी एका दमात पाडून टाका, आणि संध्याकाळच्या निदान तासभर आधी, कारण ऑगरचा आवाज उथळ पाण्यातल्या माशाला पळवतो आणि ऐन वेळी भोक पाडलं तर तुमचं आणि शेजारच्याचंही नुकसान. नवा काचेसारखा बर्फ असेल तर भोक न पाडताही खोली कळते, बर्फावरचा स्नो बाजूला करा, थोडं पाणी ओता आणि फ्लॅशरचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारा भाग, त्या पाण्यात टेकवून धरा, बर्फात हवेचे बुडबुडे नसतील तर तळाची रेघ स्वच्छ दिसते. यामुळे कड शोधण्याचे कष्ट निम्म्याने कमी होतात, जाड पांढऱ्या बर्फावर मात्र हे चालत नाही.

फ्लॅशरशिवाय वॉलआय शोधता येतो का, येतो, पण शोधायला किती वेळ जाईल सांगता येत नाही. तुम्ही एकच महागडी वस्तू घेणार असाल तर ती फ्लॅशर घ्या, भारी रॉड नको. भोकात ट्रान्सड्यूसर सोडला की गोल डायलवर तळाची जाड लाल पट्टी दिसते. तळ कडक असेल तर पट्टी जाड आणि झळझळीत असते आणि दुप्पट खोलीवर तिचा दुसरा प्रतिध्वनी दिसतो, गाळ असेल तर पट्टी फिकी आणि दुसरा प्रतिध्वनी नाहीच. मग गेन, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता, एवढाच ठेवा की तुमचं आमिष बारीक हिरव्या रेघेसारखं जेमतेम दिसेल, जास्त वाढवला तर सगळं लालच दिसायला लागतं आणि काही कळत नाही.

आता डोळे तळाच्या पट्टीवर. वॉलआय येतो तेव्हा बऱ्याचदा वेगळी रेघ दिसतच नाही, आधी तळाची पट्टी किंचित जाड झाल्यासारखी वाटते, मग तिची वरची कड थरथरते, आणि मग तिच्यातून एक तुकडा सुटा होऊन वर चढायला लागतो, आधी हिरवा, मग नारिंगी, आणि मासा अगदी भोकाखाली आला की लाल. हे बघायला मिळालं की हात आपोआप जोरात हलवावासा वाटतो, तो मोह आवरा. आमिष हळूहळू वर न्या, अगदी सावकाश, फूटभर, आणि रेघ मागे मागे येतेय का बघा. आली तर तो मासा खाणार आहे, एक क्षण थांबा, थोडी थरथर द्या, आणि रॉडच्या टोकाला जडपणा जाणवला की ओढा. रेघ खाली उतरायला लागली तर आमिष स्थिर धरा, तरीही उतरली तर एकदा तळावर आपटून गाळ उडवा आणि पुन्हा फूटभर वर आणून धरा. वॉलआयचे डोळे वरच्या बाजूला असतात, तो वर बघून खातो, आमिष त्याच्या खाली गेलं की गेलंच.

बाकी मासेही ओळखता यायला लागतात. पर्च तळाला चिकटून, तीन-चार बारीक रेघा एकमेकींत मिसळलेल्या. टलिबी हा मासा मधल्या पाण्यात सुसाट वरखाली. पाईक हा मोठा शिकारी मासा एकदम जाड रेघ घेऊन कुठल्याही उंचीवरून येतो आणि तेवढ्यात बाकी सगळ्या रेघा गायब होतात. पर्च बराच वेळ दिसत होते आणि सूर्य मावळताना अचानक डायल रिकामा झाला तर जागा सोडू नका, वॉलआय आलेला असण्याची शक्यता आहे.

एक तांत्रिक पण महत्त्वाची गोष्ट. 20 अंशाच्या कोनाचा ट्रान्सड्यूसर 30 फूट खोलीवर साधारण साडेदहा फूट रुंद वर्तुळ बघतो, 9 अंशाचा पाच फुटांच्याही आत. तीव्र उतारावर रुंद कोन वापरला तर वर्तुळाची उथळ बाजू आधी तळ म्हणून दिसते आणि खोल बाजूला तळाशी असलेला मासा त्या पट्टीत लपून जातो, तिथे असतो पण दिसत नाही. उतारावर अरुंद कोन, सपाटीवर आणि शोधताना रुंद.

आमिषाचं फार लांबवत नाही. मिनेसोटात बर्फावर एका माणसाला दोन गळ चालतात, दोन्ही वापरा. एक हातात, पाव औंसाच्या आसपासचा जिगिंग स्पून (वरखाली हलवायचं धातूचं आमिष), त्याला मिनोचं, म्हणजे आमिषाच्या छोट्या माशाचं, फक्त डोकं लावलेलं, पाणी गढूळ असेल तर आत खुळखुळा असलेला. दुसरा डेडस्टिक, म्हणजे साधा छोटा जिग (वजन लावलेला हुक) किंवा नुसता हुक आणि त्यावर जिवंत मिनो, तळापासून सहा इंच ते फूटभर वर, रॉड स्टँडवर. हातातला गळ माशांना बोलावतो आणि बरेचदा ते खातात मात्र शेजारचा शांत मिनो, जानेवारीत तर हे फार होतं. डेडस्टिकऐवजी टिप-अप (मासा लागला की झेंडा वर करणारा गळ) लावणार असाल तर तो 200 फुटांच्या आत आणि नजरेसमोर असला पाहिजे असा नियम आहे, टिप-अप उताराच्या वरच्या उथळ भागात लावून ठेवला की मासे वर सरकल्याचं झेंड्यावरून कळतं. लाईन 6 ते 8 पौंडाची पुरते.

दिवसा एका भोकावर दहा-पंधरा मिनिटं, फ्लॅशरवर काहीच नाही तर पुढचं. संध्याकाळी उलट करा, दिवसा वाचून ठेवलेल्या जागी बसा आणि निदान सूर्यास्तानंतरच्या पाऊण तासापर्यंत हलू नका, कारण आता मासा तुमच्याकडे येणार आहे. उथळ भोकावर बसला असाल तर चालणं-फिरणं कमी, बादल्या आपटू नका, आणि स्वच्छ बर्फ असेल तर भोकाभोवती थोडा स्नो पसरवून ठेवा म्हणजे तुमची हालचाल आणि दिव्याचा उजेड खाली जाणार नाही.

बर्फावर मासेमारीसाठी टाकलेल्या लोकांच्या झोपड्यांचा गाव दिसला की तिथेच जाऊन बसायचा मोह होतो. गर्दी कुठे आहे यावरून खोली कळते हे खरं, पण गाड्या आणि ऑगरच्या आवाजाने मासे त्या घोळक्याच्या बाहेर सरकतात, त्यामुळे त्याच खोलीची रेषा नकाशावर धरून पाव मैल पुढे जा. बेट शॉपमध्ये, म्हणजे आमिषाच्या दुकानात, मासे कुठे लागतायत असं विचारलं तर गोलगोल उत्तर मिळतं, किती फुटांवर आणि किती वाजता असं विचारा, हे बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात आणि तुम्हाला तेवढंच पुरतं.

मासा मिळाल्यानंतरचं. 30 फुटांपेक्षा जास्त खोलीवरून वर ओढलेल्या वॉलआयची हवेची पिशवी फुगते, त्याला ती पटकन रिकामी करता येत नाही आणि परत सोडला तरी बऱ्याचदा तो जगत नाही. त्यामुळे मासे सोडून देण्यासाठी पकडणार असाल तर एवढ्या खोलीवर बसूच नका, आणि तिथे बसलाच असाल तर नियमात बसतील तेवढे ठेवून थांबा, मोठा मिळेपर्यंत छोटे सोडत राहणं बरोबर नाही. किती आणि केवढे ठेवायचे हे तळ्यागणिक बदलतं, मिल लॅक्सचे नियम तर खूप वेळा बदलले आहेत, म्हणून निघण्याआधी त्या तळ्याचं पान डीएनआरच्या साइटवर उघडून बघा. लेक ऑफ द वूड्सवर सॉगरही मिळतो, तो दिसायला सारखाच, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका असेल तर वॉलआय, पाठीच्या परावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतील तर सॉगर. तंबूत हीटर लावणार असाल तर वरची खिडकी थोडी उघडी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू, यात तडजोड नको.

ज्या भोकातून मासा मिळाला तिथे जीपीएसवर खूण करा आणि सोबत खोली, तळ कसा होता आणि वेळ एवढं टाइप करून ठेवा. दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात करा, आणि आदल्या रात्री तिथे बरीच ये-जा झालेली दिसली, शेजारी नवी भोकं पडलेली दिसली, तर चार-पाच फूट जास्त खोलीवर सरकून पहिलं भोक पाडा.